मिस्त्रींचं विमान

मिस्त्रींनी केलेलं काही कधी मोडत नसे, आणि विमानाच्या बाबतीत हीच मोठी अडचण झाली.

त्यांनी केलेल्या खुर्च्यांवर बसून माणसं म्हातारी झाली, खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. त्यांचं दार एकदा चौकटीत बसलं की पुन्हा रंधा मारायला त्यांना कोणी बोलवत नसे. हाताखाली येणारी प्रत्येक पट्टी ते आधी गालाशी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि दुसऱ्या डोळ्यानं पार टोकापर्यंत बघायचे. "बाक आहे" म्हणाले की बाक असायचाच, मग ती पट्टी कितीही गुळगुळीत असो. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. त्याच खोलीत खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. अर्ध्या खोलीत भुसा, अर्ध्या खोलीत चिंध्या, आणि मधल्या वाटेवर दोघांचं रोजचं भांडण, की कोणाचा कचरा कोणाच्या हद्दीत आला.

असा माणूस उडतं विमान करायला बसला तो लेकीपायी.

लेकीला घरात बेडकी म्हणत. चालायला लागली त्याच्या आसपासच ती पोहायलाही लागली होती. तरणतलावात तिच्या जवळपास फिरकायची कोणाची टाप नव्हती. पण गावाबाहेरच्या मोठ्या तळ्याची शर्यत आली की कुठेतरी पाणी मुरायचं. अलीकडच्या धक्क्यावरून उडी घ्यायची आणि पलीकडच्या काठाला रोवलेल्या दोन खांबांमधून बाहेर पडायचं, एवढीच ती शर्यत. दरवर्षी बेडकी निम्म्या तळ्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे असायची आणि शेवटी चौथी नाहीतर पाचवी यायची. यंदा पहिल्या दोघी समुद्रातल्या शर्यतीला जाणार होत्या.

"यंदा नाही झालं, तर मी पोहायची टोपी खुंटीला टांगणार," बेडकी एका संध्याकाळी जेवताना म्हणाली. रडली नाही, ताटावरून उठली नाही, पुढचा घास घेतला. म्हणूनच आईबापांना कळलं की पोरगी खरं बोलतेय.

मिस्त्रींनी आपलं ताट बाजूला सारलं. दरवर्षी शर्यतीच्या दिवशी तळ्याच्या डाव्या काठच्या पायवाटेनं ते लेकीच्या बरोबरीनं चालायचे, डोक्यावर लाल टोपी घालून. तलावात शिकत होती तेव्हाही ते असेच डाव्या कडेनं चालायचे. तेव्हापासून बेडकी श्वास घ्यायला डावीकडेच मान वळवायची. मान वळली की बाबा दिसायचे. पोरीला तेवढाच आधार, असं ते लोकांना सांगत. खरं तर त्या चालण्याचा आधार पोरीपेक्षा त्यांनाच जास्त होता, पण हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ते पोहणं शिकवणाऱ्या कोचबाईंकडे गेले.

"दम आहे, हातात ताकद आहे," बाई म्हणाल्या. "पण सरळ जात नाही ती. कुठेतरी भरकटते. होडीतून मला नुसती डोकी दिसतात, काठावरून तीही दिसत नाहीत. मध्ये एकाचा तो उडता कॅमेरा आणून पाहिला. तळ्यावरच्या वाऱ्यानं त्याची अशी दमछाक झाली की अर्ध्या वाटेवरून परत आला. एकदा वरून नीट दिसलं असतं ना, तर काही सांगता आलं असतं."

बाई बोलून मोकळ्या झाल्या. मिस्त्रींच्या डोक्यात मात्र किडा शिरला. फोन सरसाच्या डब्याला टेकवून ते व्हिडिओ बघायला लागले आणि त्यांना समजलं की पंखांचं विमान वाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे कमी बॅटरीत लांब जातं. ते थर्माकोलसारख्या हलक्या फोमचं घरीही करता येतं. पोटात छोटा कॅमेरा बसवायचा, मागे मोटर आणि पंखा लावायचा, हातातल्या रिमोटनं चालवायचं. "एवढंच ना?" ते म्हणाले. या दोन शब्दांनी जगात किती माणसं खड्ड्यात गेली असतील त्याची मोजदाद नाही.

पहिलं विमान दिसायला इतकं देखणं झालं की शेजारीपाजारी बघायला आले. पंखांना अशी गोलाई होती की हात फिरवत राहावं. कडा पॉलिशपेपरनं घासून लोण्यासारख्या मऊ केलेल्या. आता सुतारानं एवढं काम केल्यावर त्याला पॉलिश केल्याशिवाय चैन पडेल का? मिस्त्रींनी आपलं नेहमीचं पॉलिश काढलं, थिनर घातलं आणि ब्रशचा एक लांब हात मारला. फोम चुर्र करून आत बसला. त्यांना वाटलं हात कमी पडला, म्हणून त्यांनी वर दुसरा मारला. बघता बघता पंखाला चाळणीसारखी भोकं पडली आणि मधला भाग ओघळून टेबलावर आला.

"अहो, विमान वितळतंय!" बायको मशीनवरून ओरडली.

"दिसतंय मला," मिस्त्री म्हणाले. ब्रश अजून हवेतच होता.

दुसऱ्या विमानाला त्यांनी पॉलिश लावलं नाही, पण स्वभाव कुठे जातो? फोम वाकेल म्हणून आत सागवानाची पट्टी घातली. पट्टी हलेल म्हणून स्क्रू मारले. पंख आणि धड यांचा जोड तर असा खाचेत खाच घालून बसवला की हत्ती उभा केला तरी उचकटला नसता. कुरणावर नेऊन ते सोडलं, तर मोटर जीव खाऊन ओरडली आणि विमान चार पावलांवर नाकावर आपटलं. जोड सुटला नाही, स्क्रू हलले नाहीत. सगळा मार बिचाऱ्या फोमला बसला आणि त्याचे तुकडे झाले. मिस्त्री सागवानाची पट्टी हातात घेऊन घरी आले. पट्टी अगदी सरळ होती.

बायको एका कोटाला कच्चे टाके घालत होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. तेवढी माणुसकी तिच्याकडे होती.

"मी एक विचारू? हे विमान तुम्हाला किती वर्षं टिकवायचंय?"

"म्हणजे?"

"नातवंडांना द्यायचंय का? उडायचंय ना त्यानं? मग एवढं घट्ट कशाला बांधलंत?" तिनं हातातला कोट वर धरला. "हा बघा, कच्चा टाका. ओढला की सुटतो. सुटतो म्हणून कापड फाटत नाही. चुकलं तर पुन्हा घालायचा. तुम्ही पहिल्या दिवसापासून पक्की शिलाई मारता, आणि मग चुकलं की कापडच जातं."

मिस्त्री काही बोलले नाहीत. बायकोचं पटलं की ते बोलत नसत, न पटलं की मात्र बोलायचे. संसार इतकी वर्षं त्यावरच नीट चालला होता.

तिसऱ्या विमानात लाकूड म्हणून एक बांबूची काडी गेली, तीही तासून तासून पेन्सिलीहून बारीक केलेली. स्क्रूच्या पेटीला कुलूप लावून किल्ली बायकोकडे दिली. पंख कसा वाकवायचा तेही तिनंच दाखवलं. कॉलर दुमडताना आतून हलकी खूण करतात तसा फोमवर अर्ध्या जाडीचा काप द्यायचा, मग तो न मोडता वळतो. धड वेगळं, आणि वाऱ्यावर तरंगावा म्हणून माणसाहून लांब केलेला पंख वेगळा. आणि दोघांना जोडायला काय, तर रबरबँड! इकडून तिकडे फुलीसारखे ताणून घातलेले साधे रबरबँड. विमान आपटलं की पंख सुटून बाजूला पडावा आणि जीव वाचावा. मिस्त्रींनी आयुष्यभर न सुटणारे सांधे केले होते. सुटण्यासाठी केलेला हा त्यांचा पहिलाच सांधा. तो करताना त्यांना लाज वाटत होती, आणि झाल्यावर त्यांनी तो दहादा सोडून, दहादा लावून बघितला.

आकाशात विमानाचं पोट कुठलं आणि पाठ कुठली हे कळावं म्हणून बायकोनं पंखाच्या खालच्या बाजूला केशरी चिकटपट्टी लावली. इतकी भडक की मिस्त्रींनी नाक मुरडलं. मग त्यांनी दोन बोटं पंखाखाली धरून विमान तोललं. नाक जरा जड होतं. बॅटरी नखभर मागे सरकवली. विमान बोटांवर आडवं, शांत राहिलं. मिस्त्री श्वास रोखून बघत राहिले. त्यांनी मोठमोठे दरवाजे बिजागऱ्यांवर तोलले होते, पण इतकी हलकी वस्तू इतकी बरोबर तोललेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"काय गं, केलं की नाही?" ते म्हणाले.

"केलंत हो," बायको म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं.

उडवण्याचं काम मात्र मिस्त्रींना जमलं नाही ते नाहीच. रिमोट ते पटाशी धरल्यासारखा धरायचे आणि विमान जरा तिरपं झालं की त्यावरची काडी पार टोकापर्यंत दाबायचे. विमान कोलांट्या खात खाली यायचं, पंख रबरातून सुटून गवतात पडायचा, आणि ते पुन्हा जोडायचे. शेवटी बायकोनं रिमोट मागून घेतला.

"ओढताय कशाला? मशीनवर कापड ओढायचं नसतं. ते आपलं आपण जातं. आपण नुसती वाट दाखवायची."

आणि तिनं वाट दाखवली. विमान कुरणावरून उठलं, झाडांच्या वर गेलं, केशरी पोट दाखवत मोठा वळसा घेऊन आलं. बायकोचे अंगठे हललेसुद्धा दिसत नव्हते. जन्मात कधी सायकलवर न बसलेली ही बाई! मिस्त्री एकदा वर बघायचे, एकदा तिच्याकडे. इतकी वर्षं आपण हिच्याशी चिंध्यांवरून भांडत होतो, या विचारानं त्यांना स्वतःचीच शरम वाटली आणि त्याच वेळी छाती अभिमानानं फुगली.

शर्यतीआधीच्या आठवड्यात, सकाळी वारा पडलेला असताना सरावाचं पोहणं ठरलं. बायको रिमोट घेऊन धक्क्यावर, कोचबाई होडीत, आणि मिस्त्री नेहमीसारखे डाव्या काठाला, लाल टोपी घालून. बेडकीनं उडी घेतली, मिस्त्री चालायला लागले, आणि डोक्यावरून त्यांचं विमान गुणगुणत गेलं.

घरी आल्यावर बायकोच्या मशीनवरचं सगळं बाजूला सारून त्यावर टीव्ही ठेवला. कोचबाईंसकट चौघं बसली. कॅमेऱ्यातलं चित्र सुरू झालं. खाली काळंशार पाणी, त्यात पांढऱ्या ठिपक्यासारखी बेडकी, आणि तिच्या मागे पाण्यावर उमटत जाणारी लांब रेघ. एका लयीत पडणारे हात. मिस्त्रींनी लेकीला हजारदा पोहताना पाहिलं होतं, पण काठावरून नुसता फेस दिसायचा. आपली पोर एवढ्या मोठ्या पाण्यात एवढीशी दिसते आणि तरी थांबत नाही, हे त्यांनी आज पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. कोणाला दिसू नये म्हणून ते उगाचच टीव्हीची तार तपासायला वाकले.

बेडकी काठाला पोचत आली आणि विमान उंच गेलं, तेव्हा मागचा धक्का आणि समोरचे दोन खांब दोन्ही एकाच चित्रात आले.

"थांबव तिथे," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी आपली लाकडी पट्टी आणून पडद्याला लावली, एक टोक धक्क्यावर, दुसरं खांबांवर. मग काचेशी गाल नेला आणि एक डोळा मिटला.

"बाक आहे," ते म्हणाले.

बाक होताच. रेघ धक्क्यावरून सरळ निघाली होती आणि हळूहळू डावीकडे झुकत गेली होती. पुढे मध्येच थोडी सरळ झाली होती, आणि नंतर पुन्हा डावीकडे. शेवटी खांब गाठायला बेडकीला चांगलंच उजवीकडे वळावं लागलं होतं. दम जायचा तो इथे.

"डावा हात कमी पडतो का?" कोचबाई विचारात पडल्या. "पण मग मध्येच सरळ कशी झाली?"

मिस्त्रींनी चित्र पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. या वेळी त्यांनी रेघ पाहिली नाही, काठ पाहिला. काठावर एक लाल ठिपका चालत होता. ठिपका चालत होता तोवर रेघ त्याच्याकडे झुकत होती. मग पायवाट दाट झाडीत शिरली, ठिपका दिसेनासा झाला, आणि रेघ सरळ झाली. झाडी संपली. लाल ठिपका बाहेर आला. रेघ पुन्हा वळली.

मिस्त्री मागे सरकून खुर्चीत बसले. खुर्ची त्यांनीच केलेली होती, म्हणून तिनं त्यांना धरलं.

"पोरगी वाकडी पोहत नाहीये," बायको हळूच म्हणाली. "सरळच पोहतेय. फक्त तुमच्याकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दरवर्षी ज्या भरकटण्याचं कारण ते पाण्यात, वाऱ्यात, पोरीच्या दंडात शोधत होते, ते त्यांच्याच डोक्यावर लाल टोपी घालून बसलं होतं. त्यांना वाटलं, आपण प्रेमानं पोरीला बुडवलंच की.

"मला कळलंच नाही, बाबा," बेडकी म्हणाली. "मला वाटायचं मी समोरच जातेय."

"अगं, मग डावीकडे बघूच नकोस," कोचबाई म्हणाल्या. "मी किती वर्षं सांगतेय, मध्ये मध्ये डोकं उचलून समोर बघ."

"समोर काय बघू? दोन काड्या. लाटेत त्याही दिसत नाहीत." तिनं बापाकडे पाहिलं. "आणि बाबा काठावर नसले, तर मला भीती वाटते."

एवढी धीट पोर, आणि हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.  मिस्त्री उठले, विमानाकडे गेले, आणि उगाच त्याचे रबरबँड सोडत, लावत बसले.

शर्यतीच्या सकाळी बेडकी आणि तिची आई धक्क्यावर गेल्या तेव्हा मिस्त्री घरातच होते. त्यांनी लाल टोपी हातात घेतली, जरा वेळ धरली, आणि खुंटीला टांगली. मग विमानाचे रबरबँड सोडले, पंख तेवढा काढून घेतला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि तळ्याला उजवीकडून वळसा घालणाऱ्या रस्त्यानं पलीकडच्या काठाला निघाले.

खांबांच्या मागे काठावर ते जाऊन उभे राहिले. तिथल्या व्यवस्थापकानं त्यांना हटकलं.

"काका, इथे विमान उडवायला बंदी आहे."

"उडवत नाहीये. धरतोय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पंख उभा केला, केशरी बाजू पाण्याकडे करून. तो त्यांच्याहून उंच होता. दोन हातांनी तो डोक्यावर उचलून धरल्यावर दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये एक भडक केशरी पट्टा उभा राहिला. बायकोनं लावलेल्या त्या चिकटपट्टीला नाक मुरडल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

फुंकरीनं उडेल इतका हलका पंख. पण तळ्यावरचा वारा सुटला तेव्हा तो असा खेचायला लागला की मिस्त्रींना पाय रोवून उभं राहावं लागलं. खांदे भरून आले. डोळ्यात घाम उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. दूरवर धक्का होता, त्यापुढे पाणी, आणि पाण्यात नुसती डोकी. त्यातलं आपलं कुठलं हे त्यांना कळेना. 'आज मी समोर असेन,' असं त्यांनी सकाळी लेकीला सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या बरोबर चालत नव्हते. पायांना चालायची सवय होती, ते जागच्या जागी चुळबुळ करत होते. डाव्या काठाकडे एकदा बघावं असं त्यांना सारखं वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही.

तळ्याच्या मध्यावर डोकी पांगली. दोन उजवीकडे गेली, काही मागे पडली. आणि मग त्यांना एक डोकं दिसलं, जे दर काही हातांनी पाण्यातून वर यायचं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. समोर बघायचं आणि पुन्हा पाण्यात जायचं. पुन्हा वर, पुन्हा समोर.

मिस्त्रींनी सवयीनं एक डोळा मिटला. तिच्या मागची पाण्यावरची रेघ धक्क्यापासून थेट त्यांच्या पायांच्या रोखानं येत होती. त्यांनी खूप शोधलं, पण बाक कुठे सापडला नाही.

एक मुलगी आधी खांबांमधून बाहेर पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पाठोपाठ दुसरी आली ती बेडकीच. तिचे पाय तळाला लागले, ती धडपडत उभी राहिली, कोणीतरी "दुसरी! दुसरी!" म्हणून ओरडलं, कोणीतरी अंगावर टॉवेल टाकला. तिनं तो तसाच घसरू दिला आणि चिखलातून थेट वर चालत आली.

मिस्त्री तसेच उभे होते. हात डोक्यावर, पंख हातात, डोळे पाण्यावर. डोळ्यांत इतकं पाणी होतं की लेक समोर येऊन उभी राहिली तरी त्यांना ती नीट दिसली नाही.

"बाबा," बेडकी म्हणाली. तिला धाप लागली होती. तिनं ओल्या हातांनी त्यांची मनगटं धरली. "बाबा, मी आले. आता हात खाली करा."